चार कोपऱ्यांची हळद

काहिलीखाली एकदा जाळ घातला की तो मधे थांबवता येत नाही, हे सरकारला कोण सांगणार? पंचायतीच्या निवडणुकीची तारीख आली ती नेमकी हळद शिजवायच्या दिवसांत. पहाटेच पहिली काहील, हळकुंडांनी भरलेली भली मोठी कढई, चढली होती आणि लसुमव्वा लांब दांड्याचा झारा घेऊन तिच्यापुढे उभी होती. वर हळदीची पानं आणि ओलं बारदान अंथरलेलं होतं, त्याच्या कडेनं पांढरा फेस वर येत होता. चाळीस वर्षं ती हा वास घेत होती, तरी पहिल्या काहिलीला तिचं डोकं दुखायचंच.

"लसुमक्का, काडी घालून बग की," शेजारच्या काहिलीवरची पोसव्वा ओरडली. "सून मेंबर व्हायच्या नादात हळदीचा गाळ करशील."

"गाळ झाला तर तुझ्याच घरी धाडते. तुझ्या सैपाकापरीस बरा लागंल."

बायका हसल्या. लसुमव्वानं बारदान सारून एका हळकुंडात काडी खुपसली. काडी सहज आत गेली. तिनं ते हळकुंड मोडून आतला रंग पाहिला, अर्धं काहिलीत टाकलं आणि अर्धं सवयीनं कमरेच्या ओच्यात खोचलं.

हे खळं म्हणजे गल्लीच्या उगवतीची तीन एकर मोकळी जमीन. कागदावर ती पंचायतीची. पण गावाची सगळी हळद इथंच शिजायची, इथंच वाळायची, इथंच घासून चमकायची. गल्लीतल्या चाळीस बायकांची चूल या दोन-अडीच महिन्यांवर वर्षभर तग धरायची. आता गावकमिटीच्या मोठ्या लोकांना तिथं फंक्शन हॉल हवा होता. हळद शिजवायला यंत्र आणू, ते शेतावरच येतं, असं त्यांचं म्हणणं. यंत्र आलं की बायकांनी काय करायचं, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

पंचायतीत मेंबर दहा. जमीन हॉलला द्यायच्या ठरावाला सहा हात लागत होते. नऊ वॉर्डांचं कमिटीनं समजूत घालून, दमात घेऊन आधीच बिनविरोध उरकलं होतं. तरी त्यातले चार जण खळ्याच्या बाजूनं राहिले. पाच हात कमिटीचे. उरला सातवा वॉर्ड, म्हणजे ही गल्ली. वॉर्ड बाईसाठी राखीव होता, म्हणून कमिटीनं पद्माला उभं केलं. पद्मा लिंबाद्रीची बायको, आणि लिंबाद्री गल्लीतलाच, मजुरांचा मुकादम. कुणी काहिलीवर राहायचं आणि कुणी घरी बसायचं हे तो ठरवायचा, त्यामुळे अर्धी गल्ली त्याच्यापुढे मान खाली घालून चालायची. त्याच्या बायकोसमोर उभी राहिली नवनीता, लसुमव्वाची सून.

लसुमव्वाला हे मुळीच आवडलं नव्हतं. लिंबाद्री उद्या तिच्या मुलाचं, म्हणजे नवनीताचा नवरा मुत्तेन्नाचं, काम तोडेल ही तिला धास्ती. त्या धास्तीपायी महिनाभर घरात रोज भांडण. एकदा तर नळावर, सगळ्या गल्लीसमोर, ती सुनेला म्हणाली होती, "माझं मत काय तुझ्या बापानं दिलेलं न्हाई. मला पटंल त्याला देईन. पद्मा काय वाईट हाय?"

पण त्यानंतर एक गोष्ट घडली होती. जमीन मोजायला माणसं आली तेव्हा मुत्तेन्नासकट सगळे पुरुष नुसते बघत उभे राहिले, आणि नवनीता जाऊन टेपवर पाय देऊन उभी राहिली. कागद दाखवा म्हणाली. कागद नव्हता, माणसं परत गेली. त्या दिवशी झारा हातात धरून लसुमव्वानं ते सगळं पाहिलं आणि तिचं मन पालटलं. सुनेला तसं सांगायचं मात्र राहिलं. तिचं तोंड भांडायला जितकं चटकन उघडायचं तितकं कौतुकाला उघडत नसे.

नऊच्या सुमाराला नवनीता खळ्यावर आली. अंगावर लग्नातली निळी साडी, पायांत मात्र रोजच्याच झिजलेल्या चपला.

"अत्तम्मा, मताला चलता? मी सगळ्या अक्कांना घेऊन चाललेय," ती सासूला म्हणाली.

"तू हो म्होरं. काहील उतरल्याबिगर मी हलत न्हाई."

"नका हलू," नवनीता म्हणाली. "तेवढंच पद्माचं एक मत कमी होईल."

पोसव्वानं हसू पदराआड दाबलं. लसुमव्वाच्या तोंडावर उत्तर आलं होतं, पण पोरीचे ओठ सुकलेले दिसले. सकाळपासून पोटात काही गेलं नसणार. तिनं काहिलीखालचा जाळ सारखा केला, आणि सून बायकांना घेऊन निघून गेली.

काहील उतरवून, हळद पसरून लसुमव्वा शाळेत पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. रांगेत फारसं कुणी नव्हतं. बोटाला शाई लागली, हातात पांढरा कागद आणि रबरी शिक्का आला, आणि ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. अक्षरं तिला येत नव्हती. वर स्टूल होतं, ते पद्माचं. खाली शिट्टी, ती नवनीताची. तिनं शिट्टीवर शिक्का दाबला. शाई वाळावी म्हणून फुंकर घातली.

मग ती कागदाकडे बघत राहिली. चारी कोपरे कोरे होते.

एके काळी गल्लीतली एकही लग्नपत्रिका लसुमव्वाच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. ओली हळद अंगठ्यावर घ्यायची आणि कोपऱ्यावर टेकवून आत ओढायची. मुत्तेन्नाच्या लग्नाच्या पत्रिकांना तिनंच लावली होती. या सुनेचं नाव त्यांच्यावर होतं. पण सहा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि त्या कामाला तिला बोलवायचं बंद झालं. पोत्यानं हळद शिजवायला हे हात चालायचे, पत्रिकेला चिमूटभर लावायला चालत नव्हते. कुणी तोंडावर काही बोललं नाही. पत्रिका आली की हळदीचं ताट तिच्या पुढून पलीकडच्या बाईकडे जायचं, एवढंच.

इथं आडोशामागे ताट उचलून नेणारं कुणी नव्हतं. तिनं ओच्यातलं हळकुंड काढलं, थुंकीनं अंगठा ओला करून त्यावर घासला आणि कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळद लावली. चांगल्या कामाचा कागद होता. पोरीचं भलं होऊ दे, असं ती मनातल्या मनात म्हणाली, कागद घडी करून पेटीत टाकला आणि दुसऱ्या काहिलीला उशीर होईल म्हणून पाय उचलत खळ्याकडे गेली. त्या दिवशी तिला फार बरं वाटत होतं.

दुपारी दोनला शाळेतच मोजणी सुरू झाली. तीनच्या पुढे पोसव्वा धावत आली. "चल, चल! बरोबरीत अडकलंय, आन एका कागदावरून आत मारामारी व्हायची बाकी हाय."

शाळेच्या खिडकीला गज होते आणि गजांना माणसं लोंबकळली होती. सासू म्हणून लसुमव्वाला वाट मिळाली. आत टेबलाशी मोजणीचे अधिकारी बसले होते, परगावचे, चष्मा लावलेले, दमलेले. एका बाजूला नवनीता आणि मुत्तेन्ना, दुसऱ्या बाजूला पद्मा आणि लिंबाद्री. दोन गठ्ठे रबर लावून ठेवलेले. चौसष्ट आणि चौसष्ट. मधे एकच कागद उघडा पडला होता.

लसुमव्वानं तो लांबूनच ओळखला. तिनं गज घट्ट धरला.

"सार, ह्या दिवसांत गावात कुणाचा हात पिवळा न्हाई?" मुत्तेन्ना आपले तळवे पुढे करून सांगत होता. "माझे बगा. तुमाला च्या आणून दिला त्याचे बगा. डाग लागला असंल."

"डाग?" लिंबाद्री म्हणाला. "चार कोपऱ्यांला चार, मोजून? सार, हे लग्नपत्रिकेचं काम हाय. मुद्दाम खूण केलीय."

अधिकाऱ्यांनी कागद उजेडाकडे धरला. "हे बघा, भांडू नका. शिक्का शिट्टीवर आहे, स्पष्ट आहे. प्रश्न खुणेचा आहे. खुणेवरून मत कुणाचं ते ओळखू येत असेल तर मत बाद. येत नसेल तर ग्राह्य."

"आन बाद झालं तर?" पद्मानं विचारलं.

"तर दोघी समान. चिठ्ठी टाकायची."

"मग टाका चिठ्ठी, कारण ओळखू येतंय," लिंबाद्री म्हणाला. त्यानं टेबलावर हात आपटला नाही की आवाज चढवला नाही. त्याला खात्री होती. "ही ओढ बगा. अंगठा टेकवून आत वढलाय, आन शेवटाला निमुळता केलाय. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर हीच ओढ हुती. ह्याच्या आईची, लसुमक्काची. गावात कुणाला बी दाखवा, हेच सांगंल."

"माझी आई?" मुत्तेन्ना उसळला. "बाप गेल्यापासनं तिनं कुठल्या शुभाच्या कागदाला हात लावलाय? तुमीच तर लावू दिला न्हाई!"

खोलीत कुजबुज झाली. कुणी म्हणे खरंच, विधवा बाई असं कशाला करेल? कुणी म्हणे, ओढ तर तिचीच. खिडकीतली तोंडं लसुमव्वाकडे वळली.

"ती काय उभी हाय. इचारा तिलाच," लिंबाद्री म्हणाला.

"मतदाराला मत विचारता येत नाही," अधिकारी कडक आवाजात म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "पण तुम्ही म्हणता तशी ओळख गावभर असेल, तर मला विचार करावा लागेल." त्यांचा हात 'बाद'च्या शिक्क्याकडे गेला आणि तिथंच थांबला.

मुत्तेन्ना हळूच बायकोला म्हणाला, "जाऊ दे. चिठ्ठी तर चिठ्ठी. निघंल आपली."

 नवनीता त्या कागदाकडे बघत होती. तिच्या मानेवरची शीर उडत होती, ती लसुमव्वाला खिडकीतून दिसत होती. चिठ्ठी कदाचित पोरीची निघेल, कदाचित पद्माची. पण मत तर पोरीचं होतं. लोकांनी दिलेलं पुरेसं होतं, आणि ते सासूनं आपल्या अंगठ्यानं घालवलं होतं. खळं, चाळीस बायकांचं पोट, टेपवर पाय ठेवून उभी राहिलेली पोरगी, सगळं त्या चार ठशांवर आलं. लसुमव्वाला स्वतःचा इतका राग आला की हात कापून टाकावासा वाटला.

"सार!" ती ओरडली. "तुमी इचारू नका. मीच सांगते."

"बाई, सांगू नका. मत गुप्त असतं."

"गुप्त काय त्यात! म्या ष्टुलावर शिक्का मारलाय. पद्माला दिलंय मत."

आतल्या चौघांनी वळून खिडकीकडे पाहिलं. 

"सुनेला न्हाई दिलं," लसुमव्वा म्हणाली. तिनं आवाज आणखी चढवला. "नळावर सांगितलं हुतं, सगळ्या गल्लीनं ऐकलंय. घरातली भांडणं सगळ्यांला ठाव हायत. मग शिट्टीवाल्या कागदावर माझा अंगठा येतोय कुठनं?"

"व्हय सार," पोसव्वा मागून म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. "नळावर म्हणाली हुती ही. मी ऐकलं कानानं."

लिंबाद्री पेचात सापडला. बाई खोटं बोलते म्हणावं, तर आपल्या बायकोचं एक मत आपणच नाकारल्यासारखं होत होतं, आणि तिनं नळावर केलेली पद्माची तारीफ त्यानंच गावभर मिरवली होती. "ती... घर वाचवायला बोलतीया," एवढंच तो म्हणाला.

"घर वाचवायला कुणी सुनेच्या विरोधात मत दिलं म्हणून सांगतं का?" कुणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं हसले.

अधिकाऱ्यांनी तो कागद पुन्हा एकदा पाहिला. मग त्यांनी लिंबाद्रीची हरकत लिहून घेतली, तिच्याखाली आपलं कारण लिहिलं आणि वाचून दाखवलं: हळदीच्या हंगामात गावातील बहुतेकांचे हात पिवळे असतात, या खुणेवरून अमुक एक मतदार ओळखता येत नाही, मत ग्राह्य. पासष्ट विरुद्ध चौसष्ट.

बाहेर एकच गलका झाला. कुणीतरी गुलाल फेकला. नवनीतानं मात्र आधी खिडकीकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. महिनाभर भांडताना सासू जे म्हणत होती, ते तिनं खरंच केलं, असं तिला आता वाटत होतं. मग ती सही करायला टेबलावर वाकली.

वाटेत पोसव्वा लसुमव्वाच्या शेजारून चालली नाही. "भांडण भांडणाच्या जागी असतं, अक्का," ती पुढे जाता जाता म्हणाली. "घरच्या लेकीसुनेला असं करत न्हाईत. थूत तुझ्या जिनगानीवर." लसुमव्वा खळ्यावर गेली. दुसऱ्या काहिलीत पाणी आटत आलं होतं.

दिवे लागायच्या वेळी मुत्तेन्ना घरी आला. गुलालानं केस लाल झालेले, डोळेही लाल.

"काहून, अव्वा?" त्यानं विचारलं. "एवढंच सांग. काहून?"

सांगावं असं तिला वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण गल्लीच्या तोंडाशी उभं राहून लिंबाद्रीनं सगळ्यांना ऐकवलं होतं, कोर्टात जाणार, तो कागद पुन्हा काढणार, घरातल्या एकेकाला उभं करून शपथेवर विचारणार. मुत्तेन्नाच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. आणि नवनीता खोटं बोलणारी नव्हती. कोर्टात विचारलं तर ठाऊक असेल ते सांगून मोकळी होईल.

"दिलं ते दिलं," लसुमव्वा म्हणाली. "जिकली न्हवं? मग गप ऱ्हा."

तो न जेवताच बाहेर गेला.

दुसऱ्या दिवसापासून घरातलं भांडण थांबलं. नवनीता सासूला आधी वाढायची, मग स्वतः घ्यायची. पाण्याचा तांब्या न मागता भरलेला असायचा. "अत्तम्मा, अजून भात घ्या," म्हणायची, पाहुण्याला म्हणावं तसं. पूर्वी मिठावरून, लाकडांवरून, तिच्या माहेरच्यांवरून दिवसाला दोन वेळा खणाखणी व्हायची आणि तिसऱ्या वेळेला दोघी मिळून मुत्तेन्नाला धारेवर धरायच्या. आता शब्दाला शब्द लागत नव्हता. लसुमव्वानं एकदा मुद्दाम वरणाला नाव ठेवलं. "उद्या नीट करते," एवढंच उत्तर आलं. तिनं ताट अर्ध्यावरच सारलं.

पाचव्या दिवशी दोघी पोत्यावर बसून हळकुंडांची मुळं खुडत होत्या. नवनीता खाली बघूनच म्हणाली, "अत्तम्मा, एकच विचारते. पुन्हा कधी विचारणार नाही. खरंच पद्माला दिलंत?"

आजूबाजूला कुणी नव्हतं.  लसुमव्वानं सुनेच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या भेगांत पिवळं भरलं होतं, तिच्या स्वतःच्या बोटांसारखंच.

"देवळात नेऊन इचारलंस तरी तेच सांगीन," ती म्हणाली.

नवनीतानं मान हलवली. पोतं संपेपर्यंत दोघींनी मुळं खुडली.

नवव्या दिवशी लिंबाद्रीनं खरंच दावा लावला. वकील म्हणाला म्हणे, दोन वर्षं लागतील, तीन लागतील. मुत्तेन्नाला त्यानं कामावरून काढलं. तो रोज उठून शेजारच्या गावी हळद खणायला जाऊ लागला. लसुमव्वाला मात्र काहिलीवर ठेवलं. आपल्या बायकोला मत दिलं म्हणून सांगितलेल्या बाईला काढलं, तर लोक काय म्हणतील? त्यामुळे गल्लीचा संशय आणखी पक्का झाला. बायका तिच्या काहिलीपासून जरा लांब आपली काहील लावू लागल्या.

पंचायतीची पहिली बैठक झाली त्या दिवशी उरलेली हळद शिजत होती. दुपारी पोसव्वाचा नवरा सायकलवरून ओरडतच आला. ठराव पडला! पाच हात वर गेले; नवनीता हाताची घडी घालून बसली आणि पाचाचे सहा झाले नाहीत. बायकांनी झारे टाकले. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं, कुणी खळ्याच्या मातीला हात लावून कपाळाला नेला. पोसव्वा मोठमोठ्यानं रडली.

तेवढ्यात नवनीता आली. गळ्यात झेंडूचा हार होता, निळी साडी धुळीनं भरलेली होती. ती पहिल्या काहिलीपाशी गेली आणि तिथल्या म्हाताऱ्या गंगव्वाच्या पाया पडली. मग पोसव्वाच्या पडली. मग पुढच्या काहिलीवरच्या दोघींच्या. एकेक म्हातारी तिच्या डोक्यावर हात ठेवत होती, कानशिलावर बोटं मोडत होती.

लसुमव्वानं झारा बाजूला ठेवला. हात पदराला पुसले. पायांवर राख होती, ती एका पायानं दुसऱ्यावरची झटकली आणि पदर डोक्यावरून नीट घेतला.

नवनीता तिच्यासमोर आली. हातभर अंतरावर थांबली. दोन्ही हात जोडून म्हणाली, "नमस्ते, अत्तम्मा." आणि पुढच्या काहिलीकडे गेली.

खळ्याच्या कडेला लिंबाद्री उभा होता. सासूसुनेत काय होतं ते बघायलाच तो आला होता. तो दोन पावलं पुढे आला.

"काय लसुमक्का," तो हळूच म्हणाला, "एवढ्या सगळ्यांच्या पाया पडली, आन तुझ्या न्हाई?"

लसुमव्वानं झारा उचलला. तो बारदानाखाली घालून तिनं काहील तळापासून ढवळली.

"माझ्या काहून पडंल?" ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "म्या तिला मत दिलंय कुठं?"